आजोबांना पगार नव्हता

रविवारी घरी फोन लागला की बाबांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणजे तू नक्की करतोस काय? इंजिनिअर?" नाही. "मग साहेब?" तोही नाही. "मग पगार कशाचा देतात?"

मी असतो झेलंडमध्ये. न्यूझीलंडचं नाव ज्याच्यावरून पडलं तोच हा, नेदरलँड्सच्या नैऋत्य टोकाचा प्रांत. बरीचशी जमीन समुद्राच्या पातळीखाली, भोवती बांध. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री वादळ आणि उधाण एकाच वेळी आलं, बांध फुटले, देशात १,८३६ माणसं गेली. हे ऐकलं तेव्हा मला 'डाईक' म्हणजे काय ते कोणी समजावून सांगावं लागलं नाही. रायगडात धरमतर खाडीच्या काठी वाढलेल्या पोराला खाडीचं पाणी अडवणारा खारबांध माहीत असतो, खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की शेताचं काय होतं तेही माहीत असतं. एकदा खारं पाणी आत आलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको.

तर आमची कंपनी असे बांध मजबूत करते. मी त्यात खणत नाही, नकाशाही काढत नाही. सोमवारी सकाळी बैठक असते: डिझाइनवाले, ठेकेदार, पाणी-मंडळाची माणसं. (बांध आणि पाणी सांभाळणारी ही मंडळं इथे मध्ययुगापासून आहेत, त्यांच्या निवडणुका होतात आणि त्यांचा करही भरावा लागतो.) बैठकीत मी लिहून घेतो. संपली की दुपारपर्यंत सगळ्यांना यादी जाते: काम, नाव, तारीख. 'होऊन जाईल' ही तारीख नसते, हे मला इथे पहिल्याच महिन्यात कळलं. इथली माणसं जमणार नसेल तर तोंडावर 'नाही' म्हणतात. सुरुवातीला अंगावर यायचं, आता बरं वाटतं. 'बघतो' म्हणणाऱ्यापेक्षा 'नाही' म्हणणाऱ्याबरोबर वेळापत्रक आखणं सोपं.

उरलेला आठवडा त्या यादीच्या मागे जातो. परवानगी आली का, माल निघाला का, साइटवर नकाशाची जुनी प्रत तर फिरत नाही ना. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण डिझाइनवाल्याने उतार बदललेला असतो आणि खोदणाऱ्याच्या हातात मागच्या महिन्याचा कागद असतो. पैसे आणि निर्णय मॅनेजरचे. माझा अधिकार शून्य. मी फक्त आठवण करून देतो, आणि ती अशी द्यावी लागते की पुढच्या वेळीही त्याने माझा फोन उचलावा.

खरी कसोटी उन्हाळ्यात. वादळी हंगामात, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, मुख्य बांध खोदून उघडा करायचा नाही असा इथला दंडक. म्हणजे जे काय करायचं ते उरलेल्या सहा महिन्यांत. आणि त्याच्या ऐन मध्यावर येते 'बाउफाक', बांधकामवाल्यांची तीन आठवड्यांची सुट्टी. आपल्याकडे गणपतीत गवंडी शोधून बघा, तसंच. फरक एवढाच की इथे देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण असे तीन भाग पाडलेत आणि सुट्टीच्या तारखा प्रत्येक भागाच्या वेगळ्या.

पहिल्या वर्षी मी आमच्या दक्षिणेची सुट्टी तक्त्यात टाकली आणि निर्धास्त झालो. काँक्रीटचे ठोकळे पुरवणारा मात्र उत्तरेतला. आमची माणसं परतली, भाड्याची क्रेन आली, ठोकळ्यांचा पत्ता नाही. मी फोन करतोय, पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज सुट्टीच्या शुभेच्छा देतोय. मॅनेजर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तक्त्यात त्यांचं नाव होतं, त्यांची सुट्टी नव्हती." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री आजोबा आठवले. आमच्याकडे पूर्वी खांड गेली की गावाने मिळून बांध घालायचा, त्याला जोळ म्हणत. ओहोटी लागल्यापासून पुढच्या भरतीपर्यंत हातात तास सहा. तेवढ्यात होडी कोणाची, चिखल कुठला काढायचा, पेंढा कोण आणणार, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून तो येणार नाही, हे सगळं आजोबांच्या डोक्यात. ते खोत नव्हते, पंच नव्हते. घरोघरी जाऊन सांगायचे, बस्स. एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ होते, त्यांना बांधाच्या दोन टोकांना उभं करायचे.

गेल्या रविवारी बाबांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "आजोबा करायचे ना, तेच."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "त्यांना पगार नव्हता."

आणि लगेच (उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार), "उघाडीची फळी कुजलीये. पौर्णिमेच्या उधाणाआधी बसवायला हवी. मी सांगितलं तर कोणी हलत नाही. तू तिकडून फोन करशील का सगळ्यांना?"

यादी केलीये. अकरा नावं, प्रत्येकापुढे काम आणि तारीख. त्या दोन भावांची मुलंही एकमेकांशी बोलत नाहीत, असं आई म्हणाली. त्यांना दोन टोकांना टाकलंय.