आठ माणसांचं मस्टर

किमान वेतनाचा विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे बदलणारा भाग, वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. परिपत्रक मात्र वेळेवर आलेलं मी कधी पाहिलं नाही. ते हातात पडेपर्यंत एखादा पगार जुन्या दराने होऊन गेलेला असतो, मग फरक काढत बसायचं. परिमंडळ कुठलं, म्हणजे गाव कुठल्या दराच्या भागात येतं, माणूस कुशल की अर्धकुशल की अकुशल, महिन्याचे कामाचे दिवस म्हणून २६ ने भागून रोज किती. कोल्हापुरात पगारपत्रकांची कामं करतो त्याला वीस वर्षं झाली, झोपेत विचारलं तरी सांगेन.

त्या दिवशी सकाळी शिरोली एमआयडीसीतल्या एका मोठ्या फौंड्रीत होतो. तिथलं काम चहा निवायच्या आत झालं. कायम कामगारांचा पगार युनियनच्या करारामुळे आधीच वर आहे, कंत्राटी पोरांचा दर सॉफ्टवेअरमध्ये बदलला की संपलं. निघताना एचआरच्या साहेबांनी एक यादी हातात दिली. ज्या गाडी कंपनीला हे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, देतात तिचं ऑडिट होतं. बाहेर जॉबवर्क करणारे सगळे किमान वेतन देतात, असा माझ्या सहीचा दाखला हवा होता. "संध्याकाळपर्यंत करून टाका, फॉर्मॅलिटी आहे." हा शब्द नेहमी ज्याची सही नसते तोच वापरतो.

यादीत उद्यमनगरातलं एक फेटलिंगचं शेड होतं. आठ माणसं, शिवाय मालक स्वतः ग्राइंडरवर. ओतलेला तुकडा साच्यातून निघतो तेव्हा त्याला रनर-रायझरचे, म्हणजे रस ओतायच्या वाटांमध्ये थिजलेल्या लोखंडाचे, ठोंब चिकटलेले असतात, साच्याच्या जोडावर लोखंडाची पातळ धार आलेली असते, पोटात करपलेली वाळू असते. ते सगळं तोडून, खरवडून, घासून काढायचं म्हणजे फेटलिंग. नाकाला बांधलेला रुमाल दुपारपर्यंत आतल्या बाजूनेही काळा होतो. गाडीच्या जाहिरातीत हे शेड दिसत नाही. पैसे किलोवर, आणि किलोचा दर फौंड्री ठरवते.

मस्टर चोख होतं. नव्या दराने पगार, फरकासकट, सगळ्यांच्या खात्यावर. बँकेचं स्टेटमेंटही जुळलं. मी पेन काढलं, तेवढ्यात एक पोरगा आत आला आणि पाचशेच्या चार नोटा टेबलाच्या काचेवर ठेवून गेला. वरच्या नोटेवर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा होता. पाठोपाठ दुसरा आला, तो मला बघून दारातच थबकला.

मालकांनी नोटा झाकल्या नाहीत. "तुमच्यापासनं काय लपवू साहेब. खात्यावर पुरा टाकतो, वरचं माघारी घेतो. पोरांस्नी ठावं हाय."

"हा गुन्हा आहे, मालक."

"व्हय. आनि किलोचा दर तीन वर्सं त्योच हाय, त्यो काय हाय? तीस पैसे वाढवून मागितलं, तर म्हनले, दुसरा करतोय ह्या दरात."

कायद्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. छोटा मालक, मोठा मालक असा भेद १९४८ च्या कायद्यात नव्हता, २०१९ च्या वेतन संहितेतही नाही. द्यायची ऐपत नाही ही सबब सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच बाजूला सारली. आणि ते बरोबरच आहे. घरभाडं भत्ता ५० माणसं असली की लागू होतो, पीएफ २० ला, ईएसआय म्हणजे कामगार विमा १० ला. (१९ वर अडकून बसलेल्या, बायकोच्या नावे दुसरी फर्म काढणाऱ्यांच्या फायली माझ्या कपाटात आहेत, त्यांची मला अजिबात कीव येत नाही.) आठ माणसांच्या शेडपर्यंत पोचणारा किमान वेतनाचा हा जवळपास एकटाच कायदा. तोही काचेवर परत येऊन पडत होता.

मी सही केली नाही. ज्याचे त्याला पैसे माझ्यासमोर परत द्यायला लावले. मालकांनी एक शब्द न काढता दिले. मग मी एचआरला फोन केला आणि किलोच्या दराचं बोललो. ते म्हणाले, "तो परचेसचा विषय, आमच्याकडे येत नाही." थोडं थांबून म्हणाले, "असं करा, त्यांचं नावच यादीतून काढा."

ऑडिट स्वच्छ पार पडलं. पंधरा दिवसांत शेडकडे टेम्पो जायचा बंद झाला. दाखला दिला असता तर आठ जणांचं काम राहिलं असतं आणि दर महिन्याला चार-चार नोटा गेल्या असत्या. हा हिशेब मी अनेकदा मांडलाय, २६ ने भागून सुटत नाही.

परवा त्याच कामाच्या नव्या जॉबवर्कवाल्याचे कागद माझ्याकडे आले. मस्टर चोख, स्टेटमेंट जुळतंय. अकुशलच्या रकान्यात दोन नावं ओळखीची आहेत, नोटा ठेवून गेलेला पोरगा त्यातलाच. सही अजून केलेली नाही. जाऊन बघणार आहे, पण फोन न करता, आणि पगार झाल्याच्या दुपारी.