सहाशेचा फ्लॅश आणि आजींच्या सुरकुत्या

स्टुडिओसाठी फ्लॅश किती ताकदीचा घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते: खोली केवढी आहे, आणि चेहऱ्यापासून लाइट किती लांब ठेवणार?

माझा पहिला फ्लॅश ६०० वॉट-सेकंदांचा (एका झटक्यात फ्लॅश किती ऊर्जा सोडतो, त्याचं हे माप). मोठा घेतला की पुढे कधी अडायला नको, एवढाच विचार केला होता. एकदा एक आजी पोर्ट्रेटसाठी बसल्या. मला त्यांचे फक्त डोळे शार्प हवे होते, कानापासून मागचं सगळं विरघळलेलं. म्हणजे एफ/२ (एफचा आकडा लहान, तर लेन्सचं तोंड मोठं: उजेड जास्त येतो आणि शार्प भाग कमी राहतो). फ्लॅशवर लावलेला नव्वद सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, सव्वा मीटरवर होता. फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/३२ वर आणला. त्याखाली तो उतरतच नव्हता. तरी कपाळ पांढरंफट्ट! शटरचा वेग वाढवूनही उपयोग नसतो, कारण फ्लॅशचा उजेड शटर पूर्ण उघडं असताना एका झटक्यात येऊन जातो. शेवटी स्टँड मागे ओढला. उजेड कमी झाला, पण लांबून तोच सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या मानाने लहान पडला. सावल्यांच्या कडा टोकदार झाल्या, आणि जवळून मऊ दिसणाऱ्या गालावरच्या सुरकुत्या कोरून काढल्यासारख्या दिसायला लागल्या. त्या फोटोचं मला अजून वाईट वाटतं.

रात्री वही घेऊन बसले. सहाशेचा १/३२ म्हणजे साधारण १९ वॉट-सेकंद, आणि तेवढ्यात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० असताना माझ्याकडे एफ/४ ला फोटो बरोबर येत होता. एफ/२ ला चौपट उजेड आत येतो, म्हणून त्याच्या चौथाई, म्हणजे पाचच्या आत हवे होते. एफ/८ ला उलट चौपट लागतात, म्हणजे ७५ पुरतात. एकट्या माणसाच्या फोटोला मी त्याच्या वर क्वचितच जाते.

लेन्सवर दोन स्टॉपचा, म्हणजे उजेड चौथाई करणारा, काळसर एनडी फिल्टर लावून काम भागतं, काही दिवस मी तेच केलं. पण व्ह्यूफाइंडर अंधारतो आणि डोळ्यावर फोकस धरताना त्रास होतो. मग २०० चा, १/१२८ पर्यंत उतरणारा फ्लॅश घेतला. आता रोजचा मुख्य लाइट तोच.

सहाशेचा विकला नाही. सात-आठ जणांचं कुटुंब दोन रांगांत बसलं की लाइट अडीच मीटरवर जातो: अंतर दुप्पट, ताकद चौपट. मागची रांग शार्प यावी म्हणून एफ/११, म्हणजे आणखी दुप्पट. पंचाहत्तरचे थेट सहाशे होतात. पण फुल पॉवरवर तो पुन्हा चार्ज होईपर्यंत पोरांचं हसू ओसरतं. म्हणून आयएसओ २०० करते आणि फ्लॅश निम्म्यावर ठेवते.

नवीन फ्लॅश बघताना मी आता वरचा आकडा नंतर बघते. आधी विचारते, हा खाली कुठवर उतरतो?