टाइलला पोट सुटलं होतं

म्हापशातल्या एका हॉटेलात काउंटरवर पाच हँगिंग लाइट लावायचे होते. मालक म्हणाला, "फॉल्स सीलिंग आहेच, टाइलला भोक पाडा नि अडकवा. तासाभराचं काम!"

घोड्यावर (उंच शिडीवजा स्टुलावर) चढून टाइल सरकवली. आधीच्या वायरमनने नेमकं तेच केलं होतं. जुन्या दिव्याचा सगळा भार दोन बाय दोन फुटांच्या मिनरल फायबर टाइलवर, त्यात आपला पावसाळा. दमट हवेत ही टाइल मऊ पडते. मधोमध चांगलं पोट सुटलेलं.

मग सगळं स्लॅबपासून केलं. हॅमर ड्रिल, अँकर फास्टनर (स्लॅबच्या भोकात घट्ट बसणारा बोल्ट), त्याला जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची तार. वजन तारेवर, टाइलला भोक फक्त केबल खाली यायला. चौथ्या दिव्याच्या बरोबर वर एसीचा डक्ट आडवा! (तो नेहमी चौथ्यावरच का येतो?) डक्टला काही टांगायचं नसतं. दोन्ही बाजूंनी स्लॅबपासून थ्रेडेड रॉड (आटे पाडलेल्या सळया) सोडले, खालून चॅनल, म्हणजे लोखंडी पट्टी आडवं टाकलं, दिवा त्याला.

वायरींचे जोड जंक्शन बॉक्समध्येच. टेप गुंडाळून टाइलवर सोडलेले जोड मी चालवून घेत नाही. धातूच्या शेडला अर्थिंगही दिलं.

उंची सीलिंगपासून मोजली नाही, कारण टाइल धरणारं ग्रीडच एका कोपऱ्यात बोटभर खाली होतं. काउंटरवरून लेझरची रेघ मारली आणि पाचही शेड तिला टेकवल्या.

दोन दिवस गेले. मालकाने बिल दोनदा वाचलं, मग चहा मागवला.