तिकडची हवा शिकून इकडच्या पावसाचं काय?

हवामानशास्त्रात मास्टर्स करायला मी परदेशी गेले होते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘तिकडच्या हवेचा अभ्यास करून इकडच्या पावसाला काय उपयोग?’ नातेवाईक विचारतात, आणि अर्ज करायच्या तयारीत असलेली फिजिक्सची मुलंमुलीही विचारतात. प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

उपयोग होतो, पण आपोआप होत नाही. तो आपल्याला करून घ्यावा लागतो, आणि त्याची सुरुवात पहिल्याच सत्रात, डायनॅमिक्सच्या, म्हणजे हवेच्या हालचालींच्या गणिताच्या तासाला होते.

न्यूटनचे नियम, उष्मागतिकी, वस्तुमानाची अक्षय्यता ही समीकरणं पृथ्वीवर कुठेही तीच आहेत. पण ती जशीच्या तशी हाताने सुटत नाहीत. म्हणून कुठलं पद मोठं आणि कुठलं सोडून देण्याइतकं लहान हे ठरवून ती सोपी करायची असतात, आणि सगळी मेख तिथे आहे. मध्य अक्षांशांत, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या बऱ्याचशा भागात, वाऱ्यावर दाबातल्या फरकाचा जोर एका बाजूने आणि कोरिऑलिसचा (पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळवणारा) जोर दुसऱ्या बाजूने येतो, दोन्ही जवळजवळ तुल्यबळ ठरतात आणि वारा समभाररेषांना, म्हणजे सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या रेषांना, धरून वाहतो. तिथल्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग या तोलावर उभा आहे. उबदार आणि थंड हवेतल्या फरकातून तिथली वादळं कशी वाढतात, हे हवामानशास्त्रज्ञ चार्नी यांनी १९४७ मध्ये आणि ईडी यांनी १९४९ मध्ये गणिताने दाखवलं. ते गणित फार सुंदर आहे. मी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत सोडवलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आता विषुववृत्ताकडे सरका. कोरिऑलिसचा जोर अक्षांशाच्या साइनवर अवलंबून असतो. ४५ अंशांवर तो १० अंशांवरच्या सुमारे चौपट असतो आणि विषुववृत्तावर शून्य होतो. म्हणजे वरचा तोल इथे धरून चालत नाही. उष्ण कटिबंधात लांबवर गेलं तरी तापमानात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे वादळांना बळ मिळतं ते मुख्यतः वाफेचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेतून. ढग हा इथे परिणाम तर आहेच, पण कारणही आहे. गडगडाटी ढगाचा एकेक उभार काही किलोमीटर रुंद असतो आणि जगभराच्या हवेचं संगणकी मॉडेल त्याहून मोठ्या चौकटींत हवा मोजतं, म्हणून ढगांचा परिणाम अंदाजाने बसवावा लागतो. उष्ण प्रदेशातल्या पावसाचा अंदाज अवघड का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हे सगळं मला तिकडे शिकूनच समजलं. कुठलं गृहीतक कुठे मोडतं हे कळायला ते आधी नीट मांडलेलं बघावं लागतं. उष्ण कटिबंधातून आलेल्या विद्यार्थ्याकडे एक गोष्ट असते जी वर्गातल्या इतरांकडे सहसा नसते: प्रत्येक तासाला ‘हे १५ अंशांवर चालेल का?’ हा प्रश्न त्याच्या डोक्यात आपसूक उभा राहतो. तो मनात न ठेवता मोठ्याने विचारावा. जपानच्या मात्सुनो यांनी विषुववृत्ताजवळच्या लहरींचं गणित १९६६ मध्ये मांडलं, ते आज जगभर शिकवतात. भारतातले हवामानशास्त्रज्ञ टी. एन. कृष्णमूर्ती शिकागोला शिकायला गेले, तिथून १९५९ मध्ये डॉक्टरेट घेतली आणि पुढे फ्लोरिडात राहून आयुष्यभर उष्ण कटिबंधाच्याच हवेवर काम केलं.

दुसरी मोठी शिकवण नकाशावरच्या चर्चेची. बऱ्याच विभागांत विद्यार्थी आळीपाळीने सगळ्यांसमोर उभे राहून आजची हवा समजावतात आणि उद्याचा अंदाज सांगतात. समोर प्राध्यापक बसलेले, भाषा परकी, आणि दुसऱ्या दिवशी आकाश स्वतःच उत्तर देणार. ज्या आघाड्या (उबदार आणि थंड हवेच्या सीमा) आपण पुस्तकातच पाहिल्या त्यांच्याबद्दल बोलायला आधी जड जातं, पण याहून चांगली तालीम मला माहीत नाही.

प्रबंध मात्र आपल्या पावसावर करता येतो. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राचा ‘ईआरए५’ हा जगभरच्या हवेचा डेटा १९४० पासूनचा, तासातासाचा, सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळ्यावर आहे आणि तो कुणालाही मोफत मिळतो. डब्ल्यूआरएफ हे हवेचा अंदाज काढायचं संगणकी मॉडेलही खुलं आहे. त्यामुळे कुठे बसलात यापेक्षा मार्गदर्शक कोण आहे याला जास्त महत्त्व आहे.

तयारीचं म्हणाल तर व्हेक्टर कॅल्क्युलस आणि आंशिक डिफरन्शियल समीकरणं पक्की हवीत. ढगांचं प्रेम पुरत नाही, हे स्पष्टच सांगते. पायथन आलंच पाहिजे आणि फोरट्रान या जुन्या संगणकभाषेला घाबरू नका, मोठी मॉडेलं अजून बरीचशी त्यातच लिहिलेली आहेत.

पैशांचं थोडक्यात: ब्रिटनमधला अभ्यासक्रम साधारण एका वर्षाचा आणि बहुधा स्वखर्चाचा. अमेरिकेत प्रबंधासह दोनेक वर्षं लागतात, पण असिस्टंटशिप, म्हणजे विभागात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम, मिळाली तर फी सुटते आणि वर विद्यावेतन मिळतं. नॉर्वेने २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. नोकरीचंही आधीच बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेत अंदाजकार व्हायला तिथलं नागरिकत्व लागतं. परदेशी पदवीधराला संशोधन, विमा, ऊर्जा, खासगी अंदाज कंपन्या असे रस्ते उरतात. परत येऊन अंदाजाचंच काम करायचं असेल तर जागतिक हवामान संघटनेने हवामानशास्त्रज्ञासाठी किमान शिक्षणाची जी चौकट आखली आहे, ती अभ्यासक्रमाशी ताडून पाहा. नावात ‘क्लायमेट’ असलेल्या काही पदव्यांत नकाशावाचन आणि डायनॅमिक्स फारच थोडं असतं.

आणि अर्ज भरण्याआधी ज्यांच्याकडे काम करायचंय त्या प्राध्यापकांना एक छोटी मेल लिहा: तुमच्या गटात सध्या उष्ण कटिबंधाच्या हवेवर कोण काम करतंय? कुणीच नाही असं उत्तर आलं, तर विद्यापीठ कितीही नामांकित असो, पुढचं नाव बघा.