तर्री जास्त, भाऊ!

आठ दिवस केरळ फिरून परवा पहाटे नागपूरला उतरलो. अलप्पुळाची हाऊसबोट, मुन्नारचे चहाचे मळे, सगळं झकास. खोबरेल तेलातलं जेवणही आवडलं. पण पाचव्या दिवसापासून मला झोपेत पोहे दिसत होते, खोटं कशाला सांगू!

बायको म्हणाली, "अहो, आधी घरी चला, आंघोळ तरी करा." मी बॅगांसकट सरळ ठेल्यावर.

"भाऊ, तर्री जास्त."

पिवळ्या पोह्यांच्या ढिगावर काळ्या चण्यांचा लाल रस्सा पडला. तेलाचा तवंग हळूहळू कडेला सरकला, वर कांदा, शेव, लिंबाची फोड. पहिला घास कडेचा घ्यायचा, भिजलेला. मधले कोरडे पोहे शेवटी, जीभ पोळल्यावर. माझ्या पुण्याच्या साडूला हा प्रकार कळतच नाही. "पोह्यांवर उसळ?" म्हणतो. खा बाबा तू खोबरं घालून!

नाक पुसत झिरो माईलवरून, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या अंतर मोजायच्या खांबावरून निघालो. तिथल्या चार घोड्यांच्या पुतळ्यांकडे इतक्या वर्षांत मी कधी धड पाहिलंच नव्हतं. मुन्नारला मात्र एकाच झाडाचे वीस फोटो काढले.

वाटेत संत्री घेतली. आंबिया बहाराची, म्हणजे पावसाळा सरल्यावर येणारी, सैल सालीची. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय त्यांना, पण विकणारी मावशी डझनाचा भाव एक रुपयाही कमी करेना. बायकोने ऑटोतच एक सोललं आणि अर्धं न मागता माझ्या हातावर ठेवलं. आंघोळीचा विषय निघाला नाही.