तुम्ही विचारलंत म्हणून: पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते, त्यांची नोंद कुठे मिळेल?

सातारा, सांगली, रत्नागिरी, पुण्याकडच्या घरांतून हा प्रश्न सतत येतो. पणजोबा पहिल्या महायुद्धात होते असं घरात सांगतात. एखादं मेडल ट्रंकेत आहे, नाहीतर तेही कुणी मोडून खाल्लं. इंटरनेटवर नाव टाकलं तर काहीच येत नाही. मग शोधायचं कुठे?

उत्तराची सुरुवात थोडी उलटी आहे. नावामागे लागू नका. आधी पलटण शोधा, मग शिपायाचा नंबर, आणि नाव सगळ्यात शेवटी. ‘रामा जाधव’ किंवा ‘गणपत शिंदे’ या नावाची माणसं एकेका पलटणीत चार-चार असायची. त्यात भरती करून घेणारा कारकून कानाला ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहायचा. पलटण कळली की शोध काही शे माणसांवर येतो. नुसत्या नावावर तो दहा लाखांवर राहतो, कारण त्या युद्धात हिंदुस्थानातून समुद्रापार गेलेली माणसं दहा लाखांहून अधिक होती.

त्याआधी युद्ध नक्की कोणतं ते ठरवा. घरातल्या आठवणीत दोन्ही महायुद्धं एकमेकांत मिसळतात आणि ‘जर्मनची लढाई’ म्हटलं तर दोन्ही बसतात. पहिल्या युद्धातला शिपाई साधारण १८८० ते १९०० दरम्यान जन्मलेला असतो. त्यांचा मुलगा, म्हणजे तुमचे आजोबा, १९१५-२० च्या आसपास जन्मले असतील तर हिशोब जुळतो. कूत (इराकमधलं गाव), एडन, फ्रान्स ही नावं घरात ऐकली असतील तर बहुधा पहिलं युद्ध. केरन, तोब्रुक, इटली, सिंगापूर ऐकलं असेल तर दुसरं. नुसतं ‘बसरा’ मात्र पुरत नाही, कारण १९४१ मध्येही हिंदी फौज बसऱ्याला उतरली होती. मेडल हाताशी असेल तर त्यावरचा राजा बघा. दाढीवाला पंचम जॉर्ज असेल तर पहिलं युद्ध किंवा त्याच्या आगेमागे सरहद्दीवरची एखादी मोहीम; दाढी नसलेला सहावा जॉर्ज असेल तर दुसरं.

मेडल हा सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि बहुतेक घरांत तो चुकीच्या बाजूने बघितला जातो. लोक समोरचं चित्र बघतात. माहिती असते कडेवर. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचं व्हिक्टरी मेडल, दोन्हींच्या गोल कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. समजा ‘२३१७ सिपॉय रामा शिंदे, ११० मराठा’. ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर हाच मजकूर मागच्या बाजूला असतो. हुद्दे तोडून लिहिलेले दिसतात, म्हणजे नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार या शब्दांतली मोजकीच अक्षरं. कड वाचायला अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते. मोबाइलने तुकड्यातुकड्याने फोटो काढत मेडल फिरवत जा. तरी लागलं नाही तर पातळ कागद कडेवर दाबून त्यावर शिसपेन्सिल हलकेच घासा.

चिंच, राख, पॉलिश, काहीही लावू नका. आधीच झिजलेली अक्षरं पहिल्या घासण्यात कायमची जातात, आणि त्या अक्षरांखेरीज पणजोबांचा नंबर दुसरीकडे कुठे मिळेलच याची खात्री नाही.

वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं निघालं तर फसवणूक झाली असं समजू नका. ब्राँझचं मेडल लढाऊ शिपायांना नव्हे, तर मजूर कोअर, हमाल, पाणके अशा ‘फॉलोअर’ म्हणून गेलेल्यांना मिळायचं. ही फार मोलाची खूण आहे. अशा माणसाचं नाव पलटणींच्या कागदांत शोधण्यात वर्षं घालवू नका.

आता पलटणींचे आकडे. १९२२ पर्यंत मराठा पलटणींना तीन आकडी क्रमांक होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. त्या वर्षीच्या फेररचनेत त्या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत आल्या. १०३ ची १/५ (म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन) झाली, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५, आणि ११४ प्रशिक्षणाची १०/५. म्हणून कागदावर किंवा मेडलवर तीन आकडी क्रमांक असेल तर माणूस १९२२ च्या आधीचा, आणि तिरकी रेघ असलेला क्रमांक असेल तर नंतरचा. घरात ‘जंगी पलटण’ म्हणत असतील तर ती १०३ ची परंपरा. ‘काली पाचवी’ म्हणत असतील तर १०५ ची. मराठे फक्त मराठा पलटणींतच होते असंही नाही. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये (लष्करी बांधकाम करणाऱ्या तुकडीत) आणि रस्ते-खंदक खणणाऱ्या काही पायोनियर पलटणींतही ते होते.

महार कुटुंबांनी एक गोष्ट आधीच तपासावी. ‘पणजोबा पहिल्या युद्धात महार रेजिमेंटमध्ये होते’ हे वाक्य तसंच्या तसं खरं असू शकत नाही, कारण महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. पहिल्या युद्धात १९१७ मध्ये ‘१११ महार्स’ नावाची पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती मोडली. त्याआधी १८९० च्या दशकात महारांची भरती सरकारने बंद केलेली होती. तेव्हा शोध १११ महार्स किंवा मजूर कोअर या दोन दिशांनी करायचा. दोन्ही ठिकाणी कागद कमी आहेत, आणि या अन्यायाचा भार आजही शोध घेणाऱ्यावरच पडतो.

माणूस युद्धात गेला असेल, म्हणजे परत आलाच नसेल, तर काम त्यातल्या त्यात सोपं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातल्या मृतांची यादी फुकट शोधता येते. नाव रिकामं ठेवा. युद्ध ‘पहिलं’ निवडा, सैन्य ‘हिंदी’ निवडा, रेजिमेंटच्या रकान्यात पलटण टाका. इथेच पहिली ठेच लागते, कारण इंग्रजीत तेव्हा मराठा हा शब्द आजच्यासारखा लिहीत नसत. त्यात ‘आर’च्या आधी एक ‘एच’ असायचा आणि पुढे दोन ‘टी’, म्हणजे Mahratta. आजचं स्पेलिंग टाकलं तर जुन्या पलटणी हाती लागत नाहीत. निकाल आले की यादी डाउनलोड करून घ्या आणि निवांत, ओळ अन् ओळ वाचा. अतिरिक्त माहितीच्या रकान्यात बऱ्याच वेळा ‘अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक’ असं असतं, कधी बायकोचंही नाव. खरी ओळख या रकान्यात पटते.

दुसरी ठेच जिल्ह्यांची. १९१४ च्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग होता; दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तासगाव, वाळवा, खानापूरचा माणूस ‘सातारा’ म्हणूनच सापडेल. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. कोल्हापूर तर वेगळं संस्थानच होतं.

तिसरी आडनावांची. पवारांचे ‘पोवार’, जाधवांचे ‘जाधाव’ किंवा ‘जाडो’, शिंद्यांचे ‘सिंदे’ किंवा ‘सिंदिया’ झालेले असतात. कित्येक नोंदींत आडनाव नाहीच, आडनावाच्या रकान्यात नुसतं ‘बाबाजी’ किंवा ‘धोंडी’. म्हणून शोध मोठ्याने वाचून करा. डोळ्याला परकं वाटणारं नाव कानाला लगेच ओळखू येतं.

स्मारकांबद्दल एक कटू सत्य सांगायलाच हवं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं, तेव्हा गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण हिंदी शिपायांचा फक्त आकडा लिहिला. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर मात्र चार हजार सातशेहून अधिक हिंदी नावं आहेत. बसऱ्याच्या भिंतीच्या फोटोत पणजोबांचं नाव नाही म्हणून ते गेलेच नाहीत असा निष्कर्ष काढू नका. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने या विषमतेची कबुली दिली. शिपायांची नावं कागदी नोंदवह्यांत होती आणि तिथूनच ती शोधयादीत येतात. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, पण ती पाहायला जाण्याआधी याच यादीत स्मारकाचं नाव तपासा, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. पुणेकर बऱ्याचदा आधी खडकीच्या स्मारकाकडे धाव घेतात. पहिल्या युद्धापुरतं तिथलं स्मारक हिंदुस्थानातच, छावण्यांच्या दफनभूमीत पुरलेल्या सैनिकांसाठी आहे, बसऱ्याला गेलेल्यांसाठी नाही. कोकणातले पणजोबा पलटणीत नसून बोटीवर असतील तर मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये वेगळं स्मारक आहे; समुद्रातच गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं तिथे आहेत.

आणि परत आलेल्यांचं काय? बहुसंख्य परत आले, आणि शोधायला अवघड तेच. साध्या शिपायांच्या पहिल्या युद्धातल्या सेवानोंदी बहुतांशी उरलेल्या नाहीत. पंजाबच्या तीन लाखांवर सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि त्या आता संगणकावर येत आहेत, ही बातमी वाचून बरेच जण आशेने विचारतात. पण त्या वह्या पंजाबच्या आहेत, मुंबई इलाख्याच्या नव्हेत. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राला पत्र जरूर लिहा, पण नंबर, हुद्दा, पलटण आणि गाव हे चारही देऊन लिहा. नुसतं नाव आणि ‘पहिलं महायुद्ध’ एवढ्यावर कुणालाही काही शोधता येणार नाही. शौर्यपदक मिळालं असेल तर नोंद गॅझेट ऑफ इंडियात असते, आणि पदकाचं नाव व साल माहीत असेल तर ती सापडू शकते.

परतलेल्याचा प्रवास कळतो तो पलटणीच्या युद्धरोजनिशीतून. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत त्या आहेत, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरही तेव्हाच्या लष्कर खात्याच्या फायली घरबसल्या पाहता येतात. रोजनिशीत शिपायाचं नाव मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. तिथे गोरे अधिकारी नावाने येतात आणि आपली माणसं ‘आय.ओ.आर.’ म्हणून, म्हणजे हिंदी शिपाई, इतके जखमी, इतके ठार. पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती हे तारखेनिशी कळतं. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर कूतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली आणि वाचलेले तुर्कांच्या कैदेत गेले. घरात ‘पणजोबांनी घोड्याचं मांस खाल्लं नाही, उपाशी राहिले’ असं सांगत असतील तर ती कूतची आठवण असण्याची दाट शक्यता आहे. तिथे अन्न संपल्यावर घोडे कापले गेले आणि पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं होतं. अशा आठवणी हसण्यावारी नेऊ नका, तारखांशी लावून बघा. फक्त मेडलवरची पलटण आणि माणूस प्रत्यक्ष लढला ती पलटण वेगळी असू शकते, कारण तूट भरून काढायला एका पलटणीतले जवान दुसरीकडे धाडले जायचे.

गावातलं काम लोक शेवटी करतात. ते समांतर चालू ठेवा. चावडी, शाळा किंवा देवळाच्या भिंतीत ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, १९१४-१९१९, पैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशा अर्थाची संगमरवरी पाटी आहे का बघा. चुन्याखाली किंवा ऑइलपेंटखाली दडलेली असू शकते. नावं नसतात, पण आकडा मिळतो, आणि तो मृतांच्या यादीतल्या तुमच्या गावच्या माणसांशी ताडून पाहता येतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या गावनोंदीची, नक्कल मागा. अर्जात गाव, व्यक्तीचं नाव आणि पाच-दहा वर्षांचा टप्पा द्या. जुन्या नोंदी मोडीत असतात, तेव्हा वाचणारा जाणकार आधी गाठा. परदेशात वारलेल्या शिपायाचा मृत्यू तिथे बहुधा नसतोच, म्हणून त्याच्या मुलांचे जन्म शोधा. १९१५ ते १९१९ दरम्यान मुलांच्या जन्मात खंड दिसला तर माणूस बाहेर होता याला तेवढाच आधार मिळतो. उलट १९१८ च्या पावसाळ्यानंतर गावातच मृत्यू नोंदलेला असेल तर तो इन्फ्लुएंझाच्या साथीतला असू शकतो, मग घरात ‘लढाईच्या वेळी वारले’ म्हणत असले तरी. जुन्या फेरफारांत वारसनोंद काढा. दत्तक गेलेल्या माणसाच्या बापाचं नाव पलटणीत एक आणि गावात दुसरं असतं, आणि तो घोळ फेरफारातच सुटतो.

गाव, बापाचं नाव आणि पलटण, या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ‘सापडले’ म्हणू नका. दोन जुळत असतील तर वंशावळीत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. तिन्ही जुळत असतील आणि कमिशनच्या नोंदीत गावाचं किंवा नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल, तर दुरुस्ती मागता येते. मेडलच्या कडेचा फोटो, कोतवाल बुकाची नक्कल आणि तिचं इंग्रजी भाषांतर जोडून नोंदीच्या दुव्यासह पाठवा. उत्तर यायला महिने लागतात, तेव्हा पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा.