हतनूरच्या फुगवट्यावर दिसलेली हिरवी कॉलर

पाठीवर सॅक घेऊन पाण्याच्या काठाकाठाने चालायचं आणि वाटेत जे दिसेल ते वहीत लिहायचं, हे मी पोरांना शिकवते, तेच माझं काम आहे. कोकणातले लोक किनाऱ्याने चालतात, आमच्याकडे तापी आहे. मुलताईला उगम पावते आणि 724 किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. चांगदेवला पूर्णा तिच्यात येते, आणि त्या संगमाच्या खाली आमच्या जळगाव जिल्ह्यातलं हतनूर धरण, 41 दरवाजांचं. त्याचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साठलेलं पाणी, हिवाळ्यात काठाने पायी बघावा असं माझं ठाम मत आहे, कारण धरणाच्या भिंतीवरून दिसतं ते फक्त पाणी.

जानेवारीतल्या आमच्या एका शिबिराची गोष्ट. जळगाव-भुसावळची कॉलेजची पोरं-पोरी आणि पुण्याहून आलेले दोन नोकरदार, असा ग्रुप होता. आदल्या रात्री एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात मुक्काम, भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि पहाटे इतकं गार की बोटांनी सॅकचे बक्कल लागेनात. संगमावरून होडीने पलीकडे उतरलो आणि काठ धरला. वारकरी पक्षी काठालगतच होते, शेकाटे गुडघाभर पाण्यात, तलवार बदकांचा थवा मध्यावर, चक्रवाकांची जोडी कायम आपल्यापासून लांब सरकणारी. नदी सुरय डोक्यावरून ओरडत गेला की पोरं थांबायची, मग मी पण थांबायचे. पाठीवर ओझं असलं की माणूस आपोआप हळू चालतो आणि हळू चालणाऱ्याला पक्षी जरा जास्त वेळ सहन करतात, हे मी दरवर्षी बघते.

एक वळण घेतलं आणि पुढे गाळपेर लागली. पाणी उतरलं की जी गाळाची जमीन उघडी पडते तिच्यात लोक हरभरा, गहू पेरतात. हरभरा वीतभर झाला होता आणि बऱ्याच ठिकाणी वरचे शेंडे कुरतडलेले, मधे मधे हिरवट लेंड्या पडलेल्या. बांधावर एक बाबा बसलेले होते, हातात गोफण. म्हणाले, "रात्रीचे उतरता इथी ताई, मोठे मोठे. पहाटपर्यंत खुडून खाता. दोनदा हाकललं तरी फिरून येता." मी पोरांना वहीत लिहायला सांगितलं, कुठल्या पिकात, किती भागात. पक्षी बघायला आलेल्या माणसाला ह्या गोष्टी ऐकायच्या नसतात बऱ्याचदा, पण नुकसान त्या माणसाचं होतं आणि ते खरं आहे, आपल्या नोंदीत ते पण आलं पाहिजे.

ते मोठे मोठे म्हणजे पट्टकदंब, इंग्रजीत बार-हेडेड गूज. गाळपेरीच्या पलीकडे चिखलाची एक लांब पट्टी पाण्यात घुसलेली, तिच्यावर सगळे बसलेले होते, दोनशेच्या आसपास, बरेचसे मान पाठीत खुपसून झोपलेले. पांढरं डोकं आणि त्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, दुर्बिणीत एकदम स्वच्छ दिसत होते. पुण्याच्या एकाला उडतानाचे फोटो पाहिजे होते, म्हणाला ताई आपण जरा पुढे चालत गेलो तर उडतील ना, आणि त्याच्याकडे ड्रोन पण होता. मी नाही म्हटलं, आणि का नाही ते तिथेच खाली बसवून सांगितलं.

हा पक्षी दोन-तीन किलोचा असतो. उन्हाळ्यात तिबेट, मंगोलिया, किर्गिझस्तान ह्या भागातल्या उंच तळ्यांवर पिल्लं काढतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. अंगावर यंत्रं बसवून त्यांचा माग काढलाय, त्यात 7 हजार मीटरच्या वर उडाल्याच्या नोंदी आहेत, जिथे समुद्रसपाटीच्या मानाने निम्म्याहून कमी ऑक्सिजन मिळतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं, फुप्फुसं मोठी, श्वास खोल, म्हणून जमतं. पण उडायला लागते ती चरबी, ती खाऊनच येते, आणि परत जाण्याआधी त्याला ती इथे साठवायची असते. आपण एका फोटोसाठी उठवलं की त्यातली थोडी खर्च झाली. दिवसभरात काठाने अजून लोक येणार, मासेमारीच्या होड्या फिरणार, शेतात गोफण आहेच, मग आपली भर कशाला. पोराने ड्रोन सॅकमध्ये ठेवून दिला, आणि नंतर सगळ्यात जास्त वेळ स्कोपला, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला, डोळा लावून तोच बसला होता हे पण सांगायला पाहिजे.

आम्ही बांधाच्या आड बसून मोजत होतो तेवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला, काठावरच्या गवतावरून खालून खालून. बदकं उडाली. पट्टकदंब उडाले नाहीत, पण सगळ्यांच्या माना एकदम वर आल्या, आणि त्या उभ्या मानांमध्ये एका मानेवर काहीतरी हिरवं. मला आधी वाटलं पाणवेलीचा तुकडा अडकलाय. स्कोपचं झूम वाढवलं तर प्लास्टिकची कॉलर, हिरवी, तिच्यावर पांढरी अक्षरं!

मी इतकी वर्षं हे काम करते, दुसऱ्यांनी टिपलेले असे फोटो खूप बघितलेत, पण आपल्या तापीवर, आपल्या डोळ्यांनी, हे पहिल्यांदा. छातीत धडधडत होतं, खरंच. मंगोलियातल्या अभ्यासकांनी पट्टकदंबांना अशा हिरव्या कॉलरी घातल्यात, आणि भारतात बऱ्याच पाणथळींवर त्या वाचल्या गेल्यात. कॉलरचा फायदा हा की पक्षी परत पकडावा लागत नाही, लांबून वाचून कळवलं की झालं. पण वाचणं सोपं नव्हतं, ऊन चढलेलं, पाण्यावरून हवा थरथरत होती आणि पक्षी सारखी मान फिरवणार. एकेकाला पाळीपाळीने स्कोपवर बसवलं आणि सांगितलं, काय दिसलं ते बोलू नका, आपापल्या वहीत लिहा. कारण एकाने मोठ्याने म्हटलं की बाकीच्यांना तेच दिसायला लागतं. मग वह्या जुळवल्या. मधले आकडे सगळ्यांचे सारखे, पहिल्या अक्षराला निम्मे म्हणत होते सी, निम्मे म्हणत होते जी. भुसावळची एक मुलगी मला म्हणाली ताई तुम्हीच ठरवा ना. मी नाही ठरवलं. दोन्ही लिहायचं, पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, वेळ आणि अंतर टाकायचं.

बाबा मागे येऊन उभे होते, त्यांना पण बघायला दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. "गळ्यात पट्टा कोन बांधला याले?" मी मंगोलिया सांगितलं, चीनच्या पण वर, हिमालयाच्या पल्याड. "तिथून हरभरा खायले?" असं म्हणून ते परत बघत बसले. मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की संक्रांतीनंतर थवा वाढतो, पाणी अजून उतरलं की पट्टी मोठी होते आणि तिकडे वरच्या अंगाला पण बसतात. ही माहिती कुठल्या पुस्तकात नाही, मी ती त्यांच्याच शब्दात उतरवून घेतली.

नंतर फोटो मोठे करून बघितले तरी पहिलं अक्षर सुटलं नाही, म्हणून अभ्यासकांना कळवताना दोन्ही शक्यता लिहून पाठवल्या. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, 1987 पासून चालू आहे, तिच्यात पण ही नोंद दिली.

कोणाला जायचं असेल तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा, उजाडताना काठावर पोचा. हतनूर पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत आहे, तरी अभयारण्यासारखी राखण तिथे नाही, त्यामुळे अंतर आपणच राखायचं. गाळपेर मोकळी जमीन दिसते पण पेरलेली असते, मालकाला विचारल्याशिवाय तिच्यातून चालू नका. आणि हिरवी कॉलर दिसली तर अक्षरं नीट बघा, खास करून पहिलं, सी आहे का जी, आणि मला नक्की कळवा.